‘सुपर मारिओ लँड २’ला कोणत्या मापाने मोजावे?

परभणीकर (प्रश्न)

नमस्कार. आतेभावाने मस्कतहून परतताना एक वापरलेला गेम बॉय (हातात धरून खेळायचे यंत्र) आणला आणि सोबत ‘सुपर मारिओ लँड २: सिक्स गोल्डन कॉइन्स’ची कॅसेटही माझ्या हवाली केली. १९९२ सालच्या या गेममध्ये मारिओचा वैरी वारिओ याने मारिओचा किल्ला बळकावलेला असतो आणि त्याचे दार उघडण्यासाठी सहा प्रदेशांतून सहा सोनेरी नाणी मिळवावी लागतात. ते सहाही प्रदेश मी चार दिवसांत, फारसा घाम न गाळता, पार केले. नंतरचे दोन आठवडे मात्र किल्ल्यातच अडकलो आहे, कारण तिथे अर्ध्या वाटेवरची घंटाच नाही. मेलो की पुन्हा दारापासून सुरुवात, आणि सगळ्या लाइफ संपल्या की जमवलेली सोनेरी नाणी आपापल्या बॉसकडे, म्हणजे प्रदेशाच्या शेवटी भेटणाऱ्या मोठ्या शत्रूकडे, परत जातात. शिवाय लहानपणी जालन्याला मामांकडे टीव्हीला जोडून जो मारिओ खेळलो, त्याच्या मानाने हा फार संथ आणि जड वाटतो. अशा गेमचे मूल्यमापन मालिकेतल्या टीव्हीवरच्या गेमशी तुलना करून करावे, की हातातल्या यंत्राच्या मर्यादा धरून? आणि शेवटचा किल्ला हा दोष मानावा का?

गोदाकाठ, नांदेड

आपल्याला जाणवलेल्या जडपणाचे मूळ मला पडद्यात दिसते. गेम बॉयचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा आहे, तर मामांकडच्या त्या यंत्राच्या जातीचे चित्र २५६ बाय २४० ठिपक्यांचे असे. १९८९ सालच्या पहिल्या ‘मारिओ लँड’मध्ये वीट आठ ठिपक्यांची होती, त्यामुळे आडव्या रांगेत वीस विटा मावत, पण मारिओ मुंगीएवढा दिसे. दुसऱ्या भागात वीट सोळा ठिपक्यांची झाली, मारिओ ठसठशीत झाला आणि रांगेत दहाच विटा उरल्या. टीव्हीवर याच मापाच्या सोळा मावतात. पुढचे इतके कमी दिसत असताना मारिओ टीव्हीवरच्या वेगाने पळाला असता, तर शत्रू नजरेस पडण्याआधीच आपण त्याच्या अंगावर जाऊन आदळलो असतो.

मी हे दोन्ही भाग मराठवाडा एक्सप्रेसमध्ये खिडकीशी बसून खेळलो आहे. या यंत्राच्या पडद्यामागे दिवा नसल्याने खिडकीतले ऊनच कामाला येते. सेलूच्या पुढे डबा हलू लागला की पहिल्या भागातला तो उसळणारा चेंडू मला दिसेनासा होई, पण दुसऱ्या भागातले, मारिओला सशाचे कान देणारे गाजर ओझरत्या नजरेतही ओळखू येत असे. चार छटांच्या पडद्यावर हे साधणे सोपे नव्हते, म्हणून मी तरी या गेमला मोठ्या चित्रासाठी पैकीच्या पैकी गुण देतो.

कल्पकतेबद्दलही लिहिले पाहिजे. पाणघोड्याच्या पुतळ्याच्या नाकातून निघणाऱ्या फुग्यात बसून मारिओ अंतराळात जातो, चंद्रावर त्याची उडी संथ होते, आणि स्वतःच्याच अवाढव्य यांत्रिक पुतळ्याच्या पोटात शिरून त्याला तीन डुकरांशी झुंजावे लागते. संगीतकार काझुमी तोताका यांनी एकच चाल निरनिराळ्या टप्प्यांत इतकी बदलून वाजवली आहे, की ती एकच आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आले.

लातूरचा खेळगडी

गोदाकाठ यांचे पडद्याचे गणित मला मान्य आहे, परंतु त्या गणिताने वेगाचा उलगडा होतो, सोपेपणाचा होत नाही. गाजर खाऊन कान आले की बटण दाबत राहून मारिओ इतका सावकाश खाली उतरतो, की खोल दऱ्यांची भीतीच उरत नाही. बहुतेक बॉस डोक्यावर तीन वेळा उडी मारली की संपतात. वाटेत वेचायच्या साध्या नाण्यांचे तर विचारूच नका: नऊशे नव्याण्णवपर्यंत साठवता येतात, पण शंभराला एक लाइफ हा मालिकेचा जुना हिशेब इथे नाही, ती जुगाराच्या घरात उडवावी लागतात.

प्रदेश सोपे आणि किल्ला अवघड, या दोन्ही गोष्टींचे मूळ माझ्या मते एकच आहे. सहा प्रदेश हव्या त्या क्रमाने खेळण्याची मुभा असल्याने त्यांपैकी कोणताही प्रदेश एखाद्या खेळाडूचा पहिला ठरू शकतो, म्हणून एकही फार अवघड ठेवता आलेला नाही. टीव्हीवरच्या मारिओत अडचण पायरी-पायरीने चढत जाते. इथे ती चढायला पायऱ्याच नाहीत, त्यामुळे सगळा भार शेवटच्या किल्ल्यावर येऊन पडला आहे. किल्ला अवघड आहे याला मी दोष म्हणणार नाही, मोकळ्या नकाशाची ती किंमत आहे. दोष आहे तो शिक्षेत. ज्या बॉसना आपण सहज हरवले, त्यांनाच पुन्हा हरवायला लावण्याने कौशल्य वाढत नाही, केवळ संध्याकाळ जाते. ही एक सूट यंत्राच्या नावावर मागता येणार नाही.

बालाघाट, बीड

एक व्यावहारिक सूचना करतो. या कॅसेटमध्ये खेळ साठवण्यासाठी नाण्याएवढी बॅटरी डाक देऊन बसवलेली असते. मी ऑनलाइन घेतलेल्या कॅसेटची बॅटरी मेलेली निघाली आणि विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. महिनाभर दररोज शून्यापासून खेळून मी या गेमला नको तितका कठोर ठरवले होते. गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्याने बॅटरी बदलून दिल्यावर माझे मत पुष्कळच मवाळ झाले. आधी तेवढे तपासून पाहावे.

परभणीकर

बॅटरी तपासली, ती चालू आहे; म्हणजे बालाघाट यांच्यासारखी सबब मला नाही. लातूरच्या मित्रांचे पायऱ्यांचे म्हणणे पटले आणि त्यामुळे एक गोष्ट करून पाहिली: जुगाराच्या घरात नाणी उधळून आधी लाइफ जमवल्या, सोप्या प्रदेशातून गाजराचे कान कमावले आणि ते जपत किल्ल्यात शिरलो. काल रात्री प्रथमच वारिओसमोर उभा राहिलो. पहिल्या झटापटीनंतर तो पुढच्या दालनात पळाला, आणि पाहतो तो त्याच्याही डोक्यावर तेच कान उगवलेले! त्या हसण्याच्या भरातच शेवटची लाइफ गेली. सोनेरी नाणी पुन्हा गोळा करायला आज पाणघोड्याच्या नाकापासून सुरुवात केली आहे. तूर्त माझ्याकडून दहापैकी सात, आणि कापलेल्या तीनपैकी दोन त्या शिक्षेच्या नावावर.