पूर्णवेळ एमए, अर्धवेळ नोकरी: गोव्यातले तुमचे अनुभव लिहा

गेल्या आठवड्यात माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. अस्नोड्याची आहे. बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे इतिहासात एमए करायचे आहे आणि घरी पैशांची ओढाताण आहे. "टीचर, एमए करता करता अर्धवेळ काम झेपेल का?" एवढेच तिने विचारले. "हो, मी केले ना," असे ओठांवर आले होते, पण बोलले नाही. मी केले ते एकाच तऱ्हेने, आणि त्यात काय गमावले ते आजवर कोणाला सांगितलेले नाही. म्हणून आधी माझे लिहिते, मग तुम्ही लिहा. "कष्ट घेतले, जमले" एवढ्यावर थांबू नका. तास किती, पैसे किती, बस कुठली, कुठे अडलात, कोणी हात दिला, ते सगळे लिहा.

मी डिचोलीची. जून २०१२ मध्ये ताळगावच्या पठारावर, गोवा विद्यापीठात, एमएला प्रवेश घेतला. सप्टेंबरात गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्या. बाबांचे खनिज वाहणारे दोन टिपर होते. दोन्ही अंगणात येऊन उभे राहिले, बँकेचे हप्ते मात्र थांबले नाहीत. दिवाळीच्या आधी मी डिचोली बाजारातल्या एका औषधांच्या दुकानात बिले करायला लागले. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ, महिन्याला तीन हजार. पणजीत जास्त मिळाले असते, पण रात्री आठनंतर आमच्याकडे यायला बस मिळेलच याचा भरवसा नव्हता. तास संपला की पठारावरून पणजी स्टँड, तिथून डिचोली, घरी दप्तर टाकून दुकान. जेवण नऊला, अभ्यास दहा ते बारा.

तास कमी पडले याचे मला फारसे वाटत नाही. वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. वर्ग सुटल्यावर मुले कॅन्टीनमध्ये बसत, सरांशी वाद घालत, ग्रंथालयात जात. खरे शिक्षण तिथे चालायचे आणि मी त्या वेळी बसमध्ये असायचे. त्यातच एकदा दुकानात मालाची मोजणी आणि विद्यापीठात आयएसए, म्हणजे सत्रामधली चाचणी, एकाच दिवशी आल्या. मी मालकांना चाचणीबद्दल बोलले नाही, सरांना दुकानाबद्दल बोलले नाही. चाचणी बुडाली. घरची परिस्थिती विभागात कळू नये असे वाटायचे. वर्षभराने कळल्यावर सर म्हणाले, "आधी सांगायचे नाही का गं? मी तारीख बदलून दिली असती."

आता तुमचे.

पेडणे तालुका, एमकॉम, २०१७ ते १९

मी कळंगुटच्या बाजूला एका हॉटेलच्या रिसेप्शनवर होतो. शुक्रवार आणि शनिवार, रात्रपाळी. गोव्यात विद्यार्थ्याला काम सहज मिळते असे लोक म्हणतात आणि ते खरेही आहे, पण सीझन आणि सेमिस्टर एकमेकांच्या उरावर बसतात. पाऊस सरला की ऑक्टोबरात सीझन सुरू होतो, तेव्हाच पहिल्या सत्राची परीक्षा डोक्यावर असते. नाताळच्या सुट्टीत रोज काम, पैसा चांगला, पण जानेवारीत वर्ग सुरू होतात तेव्हा अंग मोडून आलेले असते. एप्रिल-मेमध्ये पुन्हा परीक्षा आणि पुन्हा गर्दी. आणि जून-जुलैत, फी भरायची असते तेव्हा, हॉटेल म्हणते, "गिऱ्हाईक नाही, सप्टेंबरनंतर ये."

हे सुरुवातीला कळले नाही. मग डिसेंबरची सगळी टिप आईकडे ठेवायला दिली आणि जुलैत त्यातूनच दुसऱ्या वर्षाची फी भरली. तुमच्या विद्यार्थिनीला एवढे नक्की सांगा: सीझनचा पैसा हा पावसाळ्याचा पैसा आहे.

रात्रपाळीचा एक फायदा होता. दोननंतर नाइट ऑडिट असते, म्हणजे दिवसाचे सगळे हिशेब जुळवून तारीख पुढे ढकलायची. ते तासाभरात आटोपले की पहिला पाहुणा विमानासाठी निघेपर्यंत लॉबी शांत. कॉस्टिंगचा बराचसा अभ्यास मी त्या काउंटरवर केला. पण एका रविवारी सकाळी घरी येताना कोलवाळच्या अलीकडे स्कूटरवर डोळा लागला. जाग आली तेव्हा मी रस्त्याकडेच्या खडीत होतो. गुडघा फुटला, तेवढ्यावर निभावले. त्यानंतर दोन्ही सकाळी दादा मला न्यायला यायचा, स्वतःची झोप मोडून. रात्रपाळी करून दुचाकी चालवू नका. बाकी काही ऐकले नाही तरी चालेल, एवढे ऐका.

मडगावहून, मराठी विषय, आता पीएचडी करते आहे

एमएच्या दुसऱ्या वर्षापासून मी एका शाळेत लेक्चर बेसिसवर, म्हणजे तासागणिक मानधनावर, शिकवत होते. आठवड्याला आठ तास, सगळे सकाळचे. शिकवण्याचा मला फायदाच झाला. व्याकरण मुलांना समजावताना माझेच पक्के झाले. पैशाचे मात्र दुखणे. जूनमध्ये शिकवलेल्या तासांचे मानधन नोव्हेंबरात हाती आले. दरम्यान बसभाडे, झेरॉक्स, जेवण सगळे उसनवारीवर. लेक्चर बेसिस घेणाऱ्याने तीन-चार महिन्यांचा खर्च आधी हाताशी ठेवावा किंवा सोबत दोन घरगुती शिकवण्या घ्याव्यात. शिकवणीचे पैसे निदान महिन्याच्या महिन्याला येतात.

एक हिशेब मांडून बघा. एक क्रेडिट म्हणजे सत्रात पंधरा तास वर्ग. सत्राला वीस क्रेडिट धरले तर तीनशे तास, म्हणजे पंधरा आठवड्यांच्या सत्रात आठवड्याला वीस तास नुसते बसायचे. तेवढेच वाचन धरा. प्रवास वेगळा. यात दहा-बारा तासांचे काम बसते. वीस तासांचे बसत नाही, बसवले तर वाचन जाते.

पुढे मला जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची शिष्यवृत्ती, मिळाली. जानेवारी २०२३ पासून ती महिना ३७,००० रुपये झाली आहे आणि ती घेताना दुसरी पगारी नोकरी करता येत नाही. म्हणून एमए करणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की काम धराच, पण नेटच्या, म्हणजे जेआरएफ ज्या परीक्षेतून मिळते तिच्या, अभ्यासाचे तास त्यासाठी विकू नका. आज दोन हजारांसाठी ते विकले तर उद्या फार महाग पडतात.

वास्कोहून

मी एमएस्सी रसायनशास्त्र केले. वरचा हिशेब आम्हाला लागू नाही. प्रात्यक्षिकाच्या एका क्रेडिटला तीस तास लागतात. रिअॅक्शन लावली की ती पूर्ण होईपर्यंत हलता येत नाही, मग पाच वाजोत की सात. पहिल्या सत्रात मी एका दुकानात संध्याकाळचे काम धरले आणि सहा आठवड्यांत सोडले. मालक रोज उशीर झाला म्हणून बोलायचे, आणि त्यांचेही चुकत नव्हते. मग गोवा शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी शैक्षणिक कर्ज घेतले. मुद्दल तेवढे फेडायचे. आमच्या घरात कर्ज हा शब्द काढला तरी बाबांचा चेहरा उतरायचा, त्यांना पटवायला महिना लागला. आज वेर्णा औद्योगिक वसाहतीत नोकरी आहे, हप्ता पगारातून जातो. प्रयोगशाळेचा विषय असेल तर काम शोधण्याआधी कर्जाची चौकशी करा.

फोंड्याहून

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा मोठी आहे. एमएला प्रवेश घेतला तेव्हा वय अडतीस, धाकटा मुलगा सातवीत. माझी नोकरी म्हणजे डबे. घरून बावीस डबे जायचे. पहाटे चारला उठायचे, सव्वासातला डबे भरून तयार, आठच्या कदंबा बसने पणजी.

बावीस डबे आणि एमए दोन्ही होणार नाहीत हे पंधरा दिवसांतच कळले. डबे बारावर आणायचे ठरले. कोणते दहा बंद करायचे, हे ठरवणे मला एमएच्या कुठल्याही पेपरपेक्षा जड गेले. जास्त पैसे देणारे ठेवावेत असे यजमानांचे म्हणणे. पण त्या बावीसांत एकटे राहणारे दोन निवृत्त मास्तर होते आणि एक आजी होत्या. ते तिघे मी ठेवले. ऑफिसवाल्यांना दुसरी खानावळ शोधून दिली.

सगळ्यात मोठी परीक्षा चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, वेळी. नेवऱ्यांची, म्हणजे करंज्यांची, मागणी वर्षभरात त्याच दिवसांत येते आणि अर्ध्या वर्षाचा नफाही त्यातच असतो. नाही म्हणणे परवडत नाही. त्या वर्षी बाराशे नेवऱ्या घेतल्या होत्या, आणि चवथीची सुट्टी संपताच दोन आयएसए. मी फोनवर माझ्याच आवाजात टिपणे वाचून ठेवली होती, ती तळताना ऐकत बसायचे. तिसऱ्या रात्री सारण संपत नव्हते आणि माझे डोळे मिटत होते. सासूबाई उठून आल्या, माझ्या हातातले लाटणे काढून घेतले आणि म्हणाल्या, "तू जा, वाच. मी आहे." त्यांचे शिक्षण चौथीपर्यंत. माझा निकाल लागला तेव्हा गुणपत्रिका त्यांनी देवाऱ्यात ठेवली. दोन दिवस कोणाला हलवू दिली नाही.

घरचे काम हे काम धरत नाहीत, म्हणून अर्धवेळ नोकरीच्या हिशेबात बायका ते लिहितही नाहीत. लिहा. मगच कळते की दिवसाचे तास कुठे गेले.

चोडणहून

रायबंदर ते चोडण फेरीबोट, दहा मिनिटांची. एमए मराठीची दोन वर्षे पणजीत एका दैनिकात मुद्रितशोधनाचे काम केले, संध्याकाळी सहा ते साडेदहा. परत येताना फेरी चुकली तर धक्क्यावर पुढच्या फेरीची वाट पाहत बसायचे, दिव्याखाली वाचत. पाऊस-वाऱ्यात तेही नाही.

कामाचा उपयोग असा झाला की ऱ्हस्व-दीर्घ, वाक्य कुठे तोडायचे, हे हाताला लागले. माझा प्रबंध गोव्याच्या जत्रांतल्या मराठी नाटकांवर होता. त्यासाठी जुनी नियतकालिके पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात चाळायची असत, आणि काम संध्याकाळचे असल्याने वर्ग आणि काम यांच्यामधला वेळ मी तिथे घालवला. फोंड्याच्या ताईंचा अनुभव वाचून आईची आठवण झाली. मी अकराला पोचायचो तेव्हा ती जेवायची थांबलेली असायची.

काणकोणहून

मी एमए अर्धवट सोडले तेही लिहिते, कारण सोडणारे सहसा लिहीत नाहीत. काणकोण ते पणजी सत्तर किलोमीटरच्या आसपास. करमळ घाट, मडगावला बस बदलायची, मग पणजी, मग पठार. जाऊन-येऊन सहा तास. हॉस्टेल मिळाले असते, पण काम गावात होते, पंचायतीजवळच्या सायबर कॅफेत, आणि त्या पैशांतून आईची औषधे यायची. दुसऱ्या सत्रात हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली. एका पहाटे मडगाव स्टँडवर उतरले आणि पुढच्या बसमध्ये चढलेच नाही, घरी परतले. आईने काही विचारले नाही. चहा ठेवला.

दोन वर्षांनी इग्नूतून एमए केले, घरून, काम सांभाळून. पूर्णवेळ एमए सोडल्याचे दुःख होते. आज नाही. पण त्या सकाळी मी स्टँडवर किती रडले हे मला अजून आठवते, म्हणून अंतर विचारात घ्या असे सगळ्यांना सांगते. काम आणि विद्यापीठ दोन टोकांना असतील तर मधला रस्ता तुम्हाला खातो.

म्हापशाहून

मी पलीकडच्या बाजूचा, काम देणारा. छापखाना आहे, वडिलांपासूनचा. पंचवीस-एक वर्षे कॉलेजची मुले माझ्याकडे अर्धवेळ काम करत आली आहेत, मजकूर टाइप करणे आणि प्रुफे बघणे. आमचाही सीझन असतो. चवथीआधी पावती पुस्तके, तुळशीच्या लग्नानंतर लग्नपत्रिका, मग जत्रांची हँडबिले.

टीचर, तुमची मालमोजणीची गोष्ट वाचली आणि मन खट्टू झाले. दहा वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती, हुशार, कमी बोलणारी. पत्रिकांच्या गर्दीत आठवडाभर रोज नऊपर्यंत थांबली आणि मग एके दिवशी यायची बंद झाली. नंतर कळले, त्याच आठवड्यात तिची परीक्षा होती आणि एक पेपर तिने ताप अंगात घेऊन दिला. तिने सांगितले नाही हे खरे, पण मीही विचारले नव्हते. तेव्हापासून नवीन मुलगा किंवा मुलगी आली की पहिल्या दिवशी तिच्या हाती पेन देतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर परीक्षांच्या तारखा लिहायला लावतो. "परिक्षा आसल्यार सांग, हांव पळयतां" (परीक्षा असेल तर सांग, मी बघतो), हे तोंडी सांगितलेले पुरत नाही, मुले भितात. भिंतीवर लिहिले की मला रोज दिसते आणि त्या आठवड्याचे काम मी दुसऱ्याला देतो. एवढे करायला मालकाला एक पैसा लागत नाही.

पुन्हा डिचोलीहून

सगळे अनुभव त्या मुलीला वाचून दाखवले. काणकोणच्या ताईंचे वाचताना ती गप्प झाली, मग वहीत अस्नोडा ते पठार असे बसचे वेळापत्रक मांडत बसली. म्हापशात बस बदलावीच लागते, असे तिच्या लक्षात आले.

म्हापशाच्या दादांना विचारते: तिला मराठी टायपिंग येते, शुद्धलेखन चांगले आहे, जूनपासून आठवड्याला दहा तास देऊ शकेल. एखादी जागा असेल तर येत्या शनिवारी तिला पाठवू का? तारखा लिहायला पेन ती स्वतःचे घेऊन येईल.