शेळी, मेंढी, कोंबड्या एकाच गोठ्यात चालतील?

घरच्यापुरत्या मटणासाठी दोन शेळ्या, एक मेंढी, दहा कोंबड्या, चार बदकं घेतलीत. गोठा एकच. जमेल ना?

— दिवसा मोकळी सोडा, रात्री वेगळी कोंडा. माझ्या शेळीनं कोंबडीखाद्याचं पोतं फोडलं. सकाळी डावी कूस ढोलासारखी टम्म, दात खात पडलेली. वाचली बिचारी, पण आता पोतं पत्र्याच्या पिंपात, वर दगड.

— मेंढीला शेळीचं मिनरल मिक्स (चाटायचं खनिज-क्षारांचं मिश्रण) अजिबात नको. त्यातलं तांबं यकृतात साठत जातं आणि एक दिवस धडधाकट दिसणारी मेंढी अचानक जाते.

बाप रे, दोघी एकाच गव्हाणीत चाटतायत! आजच हलवतो. आणि बदकं?

— पाणी बाहेर ठेवा. भुसा भिजला की कोंबड्यांना रक्ती हगवण लागलीच. टर्कीचा विचार असेल तर सोडा. कोंबड्यांच्या जंतांमार्फत तिला ब्लॅकहेड हा आतड्याचा-यकृताचा जीवघेणा रोग होतो.