अनुभव धागा: आपल्या गावचा संघ, नवी भरती आणि पुनर्बांधणीची वर्षे

नोव्हीकर:
गराज आवरताना डेट्रॉइट लायन्स या आमच्या अमेरिकन फुटबॉल संघाची एक जुनी निळी टोपी सापडली आणि २००८ चा हिवाळा आठवला. त्या मोसमात लायन्सने सोळाच्या सोळा सामने गमावले. मोटार कंपन्यांची दिवाळखोरी दाराशी येऊन ठेपली होती, आमच्या विभागात कोणाचे ना कोणाचे टेबल रिकामे होत होते, आणि फोर्ड फील्ड या लायन्सच्या मैदानावर लोक डोक्यावर कागदी पिशव्या चढवून सामना पाहत होते. थँक्सगिव्हिंगच्या दिवशी टेनेसीने ४७-१० असे धुऊन काढले, तेव्हा आमच्या मिशिगनमध्येच वाढलेल्या शेजाऱ्याने टीव्ही बंद केला नाही. त्याने भोपळ्याच्या पायचा आणखी एक तुकडा ताटात घेतला आणि येत्या एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर कोणाला घ्यावे, याची चर्चा सुरू केली. त्या दुपारपासून हा संघ माझा झाला.

त्याआधीच्या व्यवस्थापनाने २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षे पहिल्या फेरीत चेंडू झेलणारे रिसीव्हरच घेतले होते. समोरच्या फळीला अडवायला माणसे नसताना झेल घेणारे गोळा करून काय साधणार, हे शेजाऱ्याच्या शाळकरी मुलालाही कळत होते. २००९ मध्ये पहिल्या क्रमांकावर चेंडू फेकणारा मॅथ्यू स्टॅफर्ड आला. तो बारा वर्षे राबला, पण त्याच्या वाट्याला येथे बाद फेरीतला एकही विजय आला नाही. २०२१ मध्ये व्यवस्थापक ब्रॅड होम्स आणि प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल आले, स्टॅफर्डला लॉस एंजेलिसला पाठवून जॅरेड गॉफ आणि पुढच्या ड्राफ्टमधल्या निवडी घेतल्या, आणि पहिल्या मोसमात पुन्हा अवघे तीन विजय मिळाले. लोक हसले. त्याच वर्षी पहिल्या फेरीत पेनेई सुएल हा अडवणारा गडी आणि चौथ्या फेरीत ११२ व्या क्रमांकावर अमन-रा सेंट ब्राउन घेतला होता. आपल्याआधी निवडल्या गेलेल्या सोळा रिसीव्हरांची नावे सेंट ब्राउनला आजही तोंडपाठ आहेत. माझ्या मते पुनर्बांधणीची खरी परीक्षा पहिल्या फेरीत नसून चौथ्या फेरीत असते, कारण पहिल्या दहांत कोणाला घ्यावे हे वर्तमानपत्र वाचणारासुद्धा सांगू शकतो.

आपल्या मूळच्या किंवा पत्करलेल्या गावच्या संघाचे असे अनुभव जरूर लिहावेत.

मधली_सुट्टी:
मी सांगलीत बसून हे वाचतो आहे. ड्राफ्ट म्हणजे नेमके काय, हे कोणीतरी आमच्यासारख्यांना सांगावे, म्हणजे पुढचे हसू योग्य ठिकाणी येईल.

नोव्हीकर:
@मधली_सुट्टी, ज्या महाविद्यालयाचा निकाल सर्वांत वाईट, त्याने कॅप राउंडमध्ये राज्यात पहिला आलेला विद्यार्थी आधी उचलावा, अशी ही उलटी प्रवेशप्रक्रिया आहे. एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या लीगमध्ये तिच्या सात फेऱ्या असतात, आणि संघ आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन मोबदल्यात खेळाडू किंवा पुढच्या वर्षांच्या पाळ्या घेऊ शकतात. विद्यार्थ्याचे मत कोणी विचारत नाही.

मधली_सुट्टी:
मग शेवटचा नंबर पटकावण्यासाठीच चुरस लागत असेल!

घंटेची_चीर:
लागते, आणि ती चुरस आम्ही फिलाडेल्फियात तीन वर्षे तिकिटे काढून पाहिली. सॅम हिंकी २०१३ मध्ये सिक्सर्स या आमच्या बास्केटबॉल संघाचे सूत्रधार झाले आणि त्यांनी जे काही विकण्याजोगे होते ते विकले. त्या पहिल्याच मोसमात सलग २६ पराभव झाले, आणि २०१५-१६ मध्ये ८२ सामन्यांत केवळ १० विजय मिळाले. गावात या प्रकाराला 'द प्रोसेस' असे नाव पडले आणि लोक ते श्रद्धेने उच्चारू लागले. माझे यजमान हिशेब तपासणारे असल्यामुळे त्यांना हिंकींचे म्हणणे पूर्णपणे पटले होते. मला मात्र मुद्दाम हरणाऱ्या संघासमोर लहान मुलांना बसवणे कधीच रुचले नाही, आणि यावरून आमच्या घरात झालेले वाद कोणत्याही निवडणुकीपेक्षा कडवट होते.

हाती काय लागले ते पाहा. २०१४ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर जोएल एम्बीड मिळाला, जो दुखापतीमुळे पहिली दोन वर्षे खेळूच शकला नाही आणि पुढे २०२३ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१५ मध्ये जाहलील ओकाफोर, २०१६ मध्ये बेन सिमन्स. हिंकी तेरा पानी राजीनामा देऊन गेले. त्यानंतर २०१७ मध्ये नव्या मंडळींनी बॉस्टनला आपला तिसरा क्रमांक आणि पुढच्या वर्षांतली एक निवड देऊन पहिला क्रमांक घेतला आणि मार्केल फुल्झची निवड केली. बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर जेसन टेटम घेतला आणि २०२४ चे विजेतेपद मिळवले. हरण्याचे शास्त्र इतके बारकाईने अभ्यासूनही निवडीच्या दिवशी डोळा चुकला, तर सगळी तपश्चर्या पाण्यात जाते.

अंजीर_बर्फी:
ताई, तुमच्या यजमानांचा हिशेब तरी कधी जमला का?

घंटेची_चीर:
नाही. ते अजूनही एम्बीडच्या गुडघ्याला दोष देतात.

पिस्टनची_आई:
नोव्हीकर, आपण एकाच गावाबद्दल लिहितो आहोत, तरी तुम्ही पिस्टन्स या डेट्रॉइटच्या बास्केटबॉल संघाचे नावही काढले नाही, म्हणून हे लिहीत आहे. कणीक मळून झाकून ठेवली आहे, तेवढ्या वेळात लिहिते. २०२३-२४ मध्ये आमचा संघ एकाच मोसमात सलग २८ सामने हरला आणि एनबीए या बास्केटबॉल लीगच्या इतिहासात असे पूर्वी घडले नव्हते. माझा मुलगा तेव्हा बारावीत होता. तो रोज रात्री अभ्यासाच्या टेबलावर फोन उभा करून सामना पाहत असे, आणि मी रागावले की, "आई, आज जिंकले तर मी पाहिलेच नाही असे व्हायला नको," असे म्हणत असे.

मुद्दा असा की, सिक्सर्सच्या प्रतापानंतर लीगने २०१९ पासून ड्राफ्टमधले वरचे क्रमांक ठरवणाऱ्या सोडतीचे नियम बदलले. पूर्वी तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्के होती. ती १४ टक्क्यांवर आणली आणि तळाच्या तिन्ही संघांना सारखीच दिली. त्याचा फटका आम्हाला बसला. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षी आम्ही गुणतक्त्यात तळाला होतो आणि दोन्ही वेळा सोडतीत पाचव्या क्रमांकावर घसरलो. पाप फिलाडेल्फियाने केले आणि प्रायश्चित्त डेट्रॉइटने घेतले, असे मी घंटेची_चीर यांना प्रेमाने सांगू इच्छिते. तरीही २०२१ चा पहिला क्रमांक केड कनिंगहॅम टिकला, सोबत जाणती माणसे आणली गेली, प्रशिक्षक बदलला, आणि पुढच्याच मोसमात १४ विजयांचे ४४ झाले. त्यामुळे तरुणांच्या गराड्यात चार मुरलेले खेळाडू असणे हे एखाद्या वरच्या निवडीइतकेच मोलाचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

घंटेची_चीर:
प्रायश्चित्ताबद्दल सहानुभूती आहे. पाप परत करता येत नाही.

बायूकाठचा_वाटसरू:
ह्यूस्टनची कथा यशस्वी झाली, म्हणून ती अधिक अवघड आहे. आमचा बेसबॉल संघ ॲस्ट्रोज. ते २०११ ते २०१३ या तीन मोसमांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरले. सप्टेंबर २०१३ मधल्या एका सामन्याचे दूरचित्रवाणीवरील प्रेक्षकमापन शून्य पूर्णांक शून्य आले, अर्थात नमुन्यातल्या एकाही घरात तो सामना लागलेला नव्हता. आमच्या घरात लागलेला होता, परंतु आम्हाला कोणी मोजत नव्हते. २०१२ मध्ये पहिल्या क्रमांकावर कार्लोस कोरेआ घेतला तो सोन्यासारखा निघाला. २०१३ मध्ये पुन्हा पहिला क्रमांक असताना मात्र नेम चुकला, मार्क अपेल घेतला आणि शिकागोने दुसऱ्या क्रमांकावर क्रिस ब्रायंट नेला. आणि ज्याच्यामुळे या संघाला चेहरा मिळाला तो होझे अल्तुवे ड्राफ्टमधून आलाच नव्हता. व्हेनेझुएलातून २००७ मध्ये अवघ्या १५,००० डॉलरवर त्याला घेतले होते.

२०१७ चे विजेतेपद आले तेव्हा हार्वी वादळाचे पाणी ओसरून फार दिवस झाले नव्हते, कित्येकांच्या घराच्या भिंती अजून उघड्या होत्या, आणि त्या मिरवणुकीत मी ओळख नसलेल्या माणसांच्या गळ्यात पडलो. पुढे आमच्याच संघात प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्यातून टिपून कचऱ्याचा डबा बडवून फलंदाजाला कळवल्या जात होत्या, हे उघड झाले. २०२० मध्ये लीगने ५० लाख डॉलर दंड केला आणि दोन वर्षांच्या पहिल्या-दुसऱ्या फेरीतल्या निवडी काढून घेतल्या. ज्या निवडींसाठी आम्ही तीन वर्षे हार पचवली, त्याच शिक्षा म्हणून गेल्या. त्या विजेतेपदाचा शर्ट मी वापरतो, पण ह्यूस्टनच्या बाहेर जाताना घालत नाही.

खाडीपलीकडे:
तुमचे संघ निदान हरायला तरी घरी राहिले. आमच्या ओकलंड एज या बेसबॉल संघाने २०२२ मध्ये मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन या घरच्याच दोन मोठ्या खेळाडूंना विकले, तेव्हा पुनर्बांधणी चालली आहे असे सांगण्यात आले. सप्टेंबर २०२४ मध्ये कोलिझियमवर शेवटचा सामना झाला आणि संघ वेस्ट सॅक्रमेंटोला गेला. पुढचा मुक्काम लास वेगास. फ्रीमाँटहून बार्ट लोकलने जाऊन स्वस्तातल्या जागेवर डब्यातली थालीपिठे खाण्याचे सुख संपले. जवळच सॅन होजेत शार्क्सने २०२४ मध्ये पहिल्या क्रमांकावर मॅकलिन सेलेब्रिनी घेतला आहे आणि पोरगा अस्सल आहे, पण बर्फावरच्या हॉकीचे नियम शिकायला या वयात उत्साह नाही.

बावधनचा_चढाईपटू:
आमच्या कबड्डीत ड्राफ्ट नाही, लिलाव आहे, आणि लिलावात पैसा असला की धीर धरावा लागत नाही असा सर्वांचा समज असतो. पुणेरी पलटणने मात्र युवा पलटणमधून पोरे तयार केली, आणि अस्लम इनामदार, मोहित गोयत, आकाश शिंदे ही तरणी फळी एकत्र वाढू दिली. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईत जयपूरविरुद्धची अंतिम लढत २९-३३ अशी गेली, तेव्हा आता ही फळी मोडणार असे वाटले होते. मोडली नाही. तिच्या जोडीला २ कोटी ३५ लाखांना इराणचा शादलुई आणला आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणाविरुद्ध २८-२५ असा विजय मिळवला. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले, तेव्हा आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये वडाचटणीची बशी हवेत उडाली, आणि पलटणला एकदाही शिव्या न घातलेला माणूस तेथे एकही नव्हता.

पुढच्या मोसमात शादलुई हरियाणाकडे गेला आणि त्यांनी अंतिम सामना जिंकला तोही आमच्याच बालेवाडीत. लिलावाचा हा दोष आहे. घरची पोरे जीव लावतात, पण विकत घेतलेला बचावपटू पुढच्या वर्षी आपलीच मांडी पकडतो.

अंजीर_बर्फी:
बावधनकर, यू मुंबाने विजेतेपद २०१५ मध्येच मिळवले होते, एवढे नम्रपणे नोंदवून ठेवते.

बावधनचा_चढाईपटू:
नोंद घेतली. त्यानंतरची नोंदही ठेवावी.

नोव्हीकर:
@खाडीपलीकडे, तुमचे वाचून वाईट वाटले. विकणे आणि बांधणे यांत फरक कसा ओळखावा, असा प्रश्न पडतो. स्टॅफर्ड गेल्यावर त्याच्याबद्दल मिळालेल्या निवडींपैकी २०२३ ची सहाव्या क्रमांकाची पाळी होम्सने ॲरिझोनाला दिली, बदल्यात १२ आणि ३४ हे क्रमांक घेतले, आणि त्यांतून जाहमिर गिब्स आणि सॅम लापोर्टा आले. त्या दोघांसह जानेवारी २०२४ मध्ये लायन्सने स्टॅफर्डच्याच संघाला २४-२३ असे हरवून ३२ वर्षांनी बाद फेरीतला विजय मिळवला. मिळालेला मोबदला पुन्हा मैदानात उतरलेला दिसत असेल तर ती बांधणी. तो मालकाच्या वहीतच राहत असेल तर ती विक्री.

खाडीपलीकडे:
आमच्याकडे वही जाड होती.

घंटेची_चीर:
आमच्याकडचे पुढचे सांगते. २०२४-२५ मध्ये दुखापतींमुळे आम्ही पुन्हा २४ विजयांवर आलो, पण निवड पहिल्या सहांच्या बाहेर गेली असती तर जुन्या सौद्यामुळे ती ओक्लाहोमाला द्यावी लागणार होती. सोडतीत तिसरा क्रमांक लागला आणि व्ही. जे. एजकम आला. बहामासचा मुलगा आहे, उडी पाहून छातीत धस्स होते, आणि बचावात दोन्ही हात सतत चेंडूच्या वाटेत असतात. यजमानांनी त्याचे आकडे एका नव्या तक्त्यात भरायला घेतले आहेत. या वेळी मीही त्या तक्त्यात डोकावते, कारण हा क्रमांक मुद्दाम हरून मिळवलेला नाही, आणि @पिस्टनची_आई, तुमचे जाणत्या माणसांबद्दलचे मत मी त्यांना आज जेवताना वाचून दाखवणार आहे.

पिस्टनची_आई:
अवश्य दाखवा. मुलगा आता ॲन आर्बरला शिकायला आहे, आणि सामन्याच्या रात्री मीच त्याला फोन करून गुण विचारते.