जेलची ड्युटी: घरात कोणी खात्यात असेल तर लिहा

पिंपळपान: काल सातरस्त्याला बस सिग्नलला थांबली, आर्थर रोड जेलची भिंत दिसली आणि बाबा आठवले. ते मुंबईतल्याच एका जेलमध्ये शिपाई लागले, हवालदार म्हणून रिटायर झाले. संध्याकाळी बंदी झाली, म्हणजे कैद्यांना बराकीत कोंडलं, की मोजणीची टोटल जुळेपर्यंत कोणी गेटबाहेर पडायचं नाही. एक माणूस कमी भरला की परत पहिल्या बराकीपासून मोजणी, इकडे आई आमटी तिसऱ्यांदा गरम करतेय. मग एक नवे सुभेदार आले. टोटल जुळली की ते स्वतः गेटवर उभे राहायचे, दिवसपाळीचा शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत हलायचे नाहीत. एवढंच. पण ते होते तोवर बाबा घरी येऊन आमच्यावर ओरडले नाहीत. मी सातवीत होते, मला स्पष्ट आठवतंय. तुमचेही अनुभव लिहा.

रातपाळी: मोबाइल गेटवर जमा असतो त्यामुळे घरचं काही कळत नाही. मुलगा जिन्यावरून पडला, डोक्याला टाके. निरोप गेटवर आला. साहेबांनी चिठ्ठी धाडली नाही, स्वतः आत माझ्या सर्कलपर्यंत (बराकींच्या विभागापर्यंत) चालत आले, माझ्या हातातला चाव्यांचा जुडगा घेतला. "जा, मी उभा आहे." त्या माणसासाठी मी कधीही डबल ड्युटी केली असती.

कोकणी_माणूस: वाचून डोळ्यात पाणी आलं दादा. मुलगा बरा आहे ना आता?

रातपाळी: हो, इंजिनीअर झाला 🙏

विजय_क: साहेब चांगला असणं ठीक, पण माणसं कुठून आणायची? 2016 च्या मॉडेल प्रिझन मॅन्युअलमध्ये (जेलसाठीची नमुना नियमावली) सहा कैद्यांमागे एक रक्षक म्हटलंय. आर्थर रोडला आत असतात क्षमतेच्या कित्येक पट. मग रजेचा अर्ज टेबलावर पडून राहणारच.

सुगरण_लालबाग: 2020 चा एप्रिल कोणी विसरलं का? जेल लॉकडाउन झाली, स्टाफ आतच. नवरा आत, मी क्वार्टरमध्ये दोन लेकरांना घेऊन. खिडकीतून भिंत दिसायची, माणूस नाही. मे मध्ये आर्थर रोडमध्ये करोना शिरला तेव्हा टीव्ही बंदच ठेवला. यांचे साहेब पण घरी गेले नाहीत, स्टाफसोबत पंगतीत बसून तेच जेवले. हे आजही त्यांचं नाव काढतात. आणि क्वार्टरचं छत गळतं त्यावर कोणीच लिहिलं नाही अजून!! कुकर लागलाय, नंतर येते.

विजय_क: ताई, छताचा वेगळा धागा काढा. शंभर प्रतिसाद येतील.

मनीषा_शिपाई: आमच्या मॅडमनी महिन्याचा रोस्टर आठ दिवस आधी भिंतीवर लावायला सुरुवात केली. आधी रात्री दहाला कळायचं उद्या कुठे ते. त्या वर्षी माहेरी कळवता आलं, भाऊबीजेला येते म्हणून. भाऊ स्टँडवर घ्यायला आला होता. बारा वर्षांत पहिल्यांदा.

पिंपळपान: मनीषा, हे बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी विचारलंय, ट्रेनिंग येरवड्याला का?

मनीषा_शिपाई: हो हो, दौलतराव जाधव कॉलेज! बाबांची बॅच कोणती?

पिंपळपान: विचारून सांगते, आत्ता औषध घेऊन झोपलेत.