शाळेच्या वाचनालयाचा बातमीफलक कोणी वाचत नाही. काय बदलू?

सत्तरीकर
गोव्यातली शाळा, पाचवी ते दहावी, मराठी माध्यम, साधारण २१० मुले. पुस्तके १,४०० च्या आसपास. ग्रंथपालाचे पद नाही, काम मराठीच्या शिक्षिकेकडे. फलकावर दर महिन्याला नवीन पुस्तकांची यादी, स्पर्धांचे निकाल आणि दिनविशेष लागतात. मुले समोरून जातात, थांबत मात्र कोणी नाही. पुस्तक नेणारी तीच वीस-पंचवीस. शाळा सुटली की बालरथ (शाळेची बस) दारात उभा, त्यामुळे नंतर वेळ मिळत नाही. त्यात पावसात फलकावरचे कागद लोंबतात आणि कपाट उघडले की कुबट वास येतो. फलक, देवघेव आणि पावसाळा, तिन्हींबद्दल नेमके सांगा.

पान_चौदा
यादी ही बातमी नव्हे. दाखल नोंदवहीतली नावे फलकावर उतरवली की ती मोठ्यांच्या उपयोगाची, मुलांच्या नाही. मुलाला पुस्तकातला एक घास चाखायला मिळाला पाहिजे.

पंधरवड्याला एकच पुस्तक घ्या. त्यातला ६०-७० शब्दांचा उतारा मोठ्या अक्षरात लावा आणि गोष्ट ऐन वळणावर आली की तोडा. खाली फक्त ‘पुढे पान १४’ आणि पुस्तक कुठल्या कपाटात, कुठल्या खणात आहे ते. त्या सकाळी ते पुस्तक कपाटात असायलाच हवे, शक्यतो दोन-तीन प्रती. फलकाने भूक चाळवायची आणि पुस्तक मिळायचे नाही, असे दोनदा झाले की मुले फलकाकडे बघणे सोडतात.

उताऱ्याशेजारी मुलांची टिपणे, प्रत्येकी तीन ओळी. ‘छान आहे’ आणि ‘बोध मिळाला’ हे दोन्ही शब्द बाद. दोनच प्रश्न विचारा: कुठल्या पानावर थांबावेसे वाटले नाही? हे पुस्तक वर्गात कोणाला द्यावेसे वाटते? दुसऱ्या प्रश्नाला नाव येते, आणि ज्याचे नाव येते तो फलक वाचायला धावतो. थट्टेखातर नावे घातली जातात, म्हणून लावण्याआधी एकदा नजर टाका.

सर्वांत चालणारी गोष्ट म्हणजे प्रतीक्षायादी. पुस्तकाचे नाव आणि खाली रांगेत असलेल्यांची नावे, बस्स. रांग दिसली की आणखी मुले रांगेत लागतात.

कागद सोमवारी बदला, वार चुकवू नका. अक्षर किमान २४ पॉइंट, नाहीतर दोन पावलांवरून मात्रा-वेलांट्या एकमेकींत मिसळतात. पाचवीच्या मुलांच्या डोळ्यांची उंची धरून फलक लावा. मोठ्यांच्या उंचीवर लावलेला फलक मोठेच वाचतात.

दिनविशेष ठेवायचेच तर त्यातही पुस्तकाची गोष्ट हवी. १२ ऑगस्ट हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा जन्मदिवस. नुसता फोटो लावण्याऐवजी १९३१ सालचा त्यांचा ग्रंथालयाचा पहिला नियम लावा: पुस्तके वापरासाठी आहेत. आणि गोव्यातल्या मुलांना १५५६ सांगायला हवे. भारतातला पहिला छापखाना त्या वर्षी जुने गोवे इथे सुरू झाला.

देवघेव_टेबल
फलक सुधारला तरी देवघेव मधल्या सुट्टीत असेल तर काही होणार नाही. डबा खायचा की पुस्तक बदलायचे, यात डबाच जिंकतो. वेळापत्रकात वर्गागणिक आठवड्याला एक तास मागून घ्या. तो मिळत नसेल तर फिरती पेटी करा.

वर्गात ४० मुले असतील तर पेटीत ६० पुस्तके. चाळीसच ठेवली तर शेवटच्या मुलाच्या हाती उरलेसुरले येते, आणि तोच बहुधा वाचायला कंटाळणारा असतो. महिन्याने सहावी अ ची पेटी सहावी ब कडे. प्रत्येक पेटीत निम्मी पुस्तके १६ ते ४८ पानांची असू द्या, आठवीच्या पेटीतसुद्धा.

नोंदीसाठी पुस्तकाच्या आत पाकीट आणि कार्ड पुरते. पुस्तक जाताना कार्डावर नाव व तारीख लिहून कार्ड डब्यात. दोन मुले हे काम २० मिनिटांत आटोपतात. मोठी वही उघडली की एकाच्या मागे सगळे खोळंबतात.

पुस्तकांवर ‘इयत्ता ५’ असे लिहू नका. आठवीतला मुलगा सर्वांदेखत ते उचलणार नाही. कण्यावर रंगाचा ठिपका लावा आणि त्याचा अर्थ टेबलावरच्यांनाच ठाऊक असू द्या.

पैसे नसतील तर: ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी आणि कोंकणी दोन्हींत गोष्टी आहेत, मोफत छापून घेता येतात. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासूनचे. जुने अंक मंडळाने ऑनलाइन ठेवलेत.

कसर_शत्रू
कोणी ‘सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्यास बक्षीस’ सुचवण्याआधीच सांगतो: नको. मुले सर्वांत पातळ पुस्तके नेतात, न वाचता परत आणतात, आणि फलकावर आकडे चढत राहतात.

आता पावसाळा. कागद लोंबतो तो हवेतल्या ओलीने, आणि इंकजेटची शाई त्यातच पसरते. लेझर प्रिंट किंवा झेरॉक्स लावा. स्केचपेन टाळा. टाचण्या गंजून कागदावर तपकिरी डाग पडतात, त्यापेक्षा लाकडी चिमटे बरे.

कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, मागे चार-पाच इंच मोकळे ठेवा. तळाचा खण जमिनीपासून किमान सहा इंच वर. पुस्तके ठासून भरू नका. बोट सहज शिरेल एवढी सैल हवीत. पाऊस उघडला की दारे उघडून पंखा लावा. धो धो पडताना उघडलीत तर बाहेरची ओलच आत घ्याल. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीत कपाटे बरेच दिवस बंद राहतात, बुरशी नेमकी तेव्हाच धरते. सुट्टीत एक-दोनदा कोणीतरी उघडायला हवीत.

बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, डाग आत मुरतो. पुस्तक वेगळे काढा, सावलीत वाऱ्यावर पाने फुलवून वाळवा, पूर्ण सुकल्यावरच बाहेर नेऊन मऊ ब्रशने झटका. तोंडाला मास्क हवा, आणि हे काम मुलांकडे देऊ नका. कडक उन्हात ठेवले तर कागद पिवळा पडून ठिसूळ होतो.

डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ त्या खोलीत बसणाऱ्या मुलांच्या नाकात जाते. फाटक्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तो सुटतो, चिकटा आणि पिवळा पट्टा मागे राहतो. पातळ कागदाची पट्टी आणि पातळ खळ वापरा. खळ मात्र जाड नको, तिच्यामागे कसर (कागद खाणारी कीड) येते.

सत्तरीकर
उपयोगी. एक विचारायचे राहिले. बहुतेक मुले घरी कोंकणी बोलतात. पुस्तकाबद्दल भरभरून सांगतात, पण मराठीत तीन ओळी लिही म्हटले की गप्प. टिपण कोंकणीत चालेल?

पान_चौदा
चालेल, आणि फलकावर तसेच लावा. सांगणे कोंकणीत, पुस्तक मराठीत, यात काही अडत नाही. लिहायला फारच कचरत असेल तर मूल बोलेल ते दुसऱ्या मुलाने उतरवून घ्यावे. शुद्धलेखनाच्या लाल खुणा टिपणावर नकोत. एक खूण केलीत की पुढच्या पंधरवड्याला टिपणे निम्मी.

प्रकट वाचनाचेही तसेच. दहा मिनिटे वाचा, अडलेल्या शब्दांपैकी दोन-तीनच कोंकणीत सांगा आणि पुढे चला. प्रत्येक शब्दाला थांबलात तर तो मराठीचा तास होतो.