‘वाहक’ नक्की कोण: आईबाप की विषाणू?

रंकाळाकाठ: डोळ्यांच्या आनुवंशिक आजारांवरचं एक माहितीपत्रक रुग्णांसाठी मराठीत करतेय. एका परिच्छेदात आहे, ‘आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक.’ पुढच्याच परिच्छेदात, ‘निर्दोष जनुक वाहकामार्फत दृष्टिपटलाखाली सोडले जाते.’ मसुदा गडहिंग्लजच्या एका बाईंना वाचायला दिला, त्यांच्या मुलाला लहानपणापासून रातांधळेपणा आहे. त्या म्हणाल्या, “वाहक म्हणजे आम्ही दोघं नव्हं? मग आमच्यातलंच काढून पोराच्या डोळ्यात घालणार?” त्यांनी अगदी बरोबर वाचलंय. कॅरियर म्हणजे बिघडलेलं जनुक अंगात असलेला माणूस आणि व्हेक्टर म्हणजे निर्दोष जनुक पेशीत पोचवणारा विषाणू, दोन्हीला आपण एकच शब्द देऊन बसलोय. व्हेक्टरसाठी वेगळा शब्द सुचवा.

शाहूपुरी_मास्तर: गणितात व्हेक्टरला ‘सदिश’ म्हणतात, पण तो इथं उपयोगाचा नाही, त्यात दिशेचा अर्थ आहे. ‘वाहक’ मात्र फार राबवलेला शब्द आहे. विजेची तार वाहक, एसटीत तिकीट फाडणारा वाहक, हिवताप पसरवणारा डास रोगवाहक. तरीही माझं मत उलटं आहे. लॅटिन ‘वेहेरे’ म्हणजे वाहून नेणे, त्यावरून व्हेक्टर. आपला ‘वह्’ धातू त्याचाच सख्खा भाऊ. म्हणजे ‘वाहक’वर पहिला हक्क विषाणूचा. आईबाप कुठं काय वाहून नेतात? ते दोष नुसता बाळगतात. त्यांना ‘दोषधारक’ म्हणा.

रंकाळाकाठ: मास्तर, ‘दोषधारक’ मी छापणार नाही. ज्यांच्यात जनुकाच्या दोनपैकी एकच प्रत बिघडलेली असते त्यांना स्वतःला काहीही त्रास नसतो. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्नं होतात, नात्यात तोच बिघाड दोन्हीकडून येऊ शकतो, आणि पोराला दिसेनासं झालं की बोल सुनेलाच लागतो. त्यात छापील कागदावर ‘दोष’ आला तर तो कागद तिच्याविरुद्ध वापरला जाईल.

गंगावेसकर: ताई, वाहक ऱ्हाऊ दे, पयलं ते ‘विषाणू’ काढा. आमच्या चुलत्यांना असंच कुणीतरी वाचून दाखवलं तर म्हणाले, डोळ्यात ईष सोडत्यात व्हय? साधं ‘हमाल’ म्हणा. वझं उचलतो, पोचवतो, संपलं. मार्केट यार्डात कुणालाबी कळंल.

खिळेजुळारी: ‘हमाल’ अरबी. ज्या शिवाजी महाराजांनी फारसी-अरबी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करवून घेतला त्यांच्या मुलखात आपण नव्या शास्त्रासाठी पुन्हा अरबी शब्द उचलायचा? कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात फारसी शिकवणारे कवी माधव ज्युलियनसुद्धा पुढं भाषाशुद्धीच्या बाजूला आले. ‘जनुकवाहिका’ असा शब्द घडवा. स्वच्छ आहे, अर्थ लगेच उलगडतो.

रंकाळाकाठ: ‘वाहिका’ म्हटलं की रुग्णवाहिका, नाहीतर शववाहिका. दवाखान्यात बसलेल्या माणसाला दुसरीच आधी आठवते.

पेशीवाला: मी याच कामात आहे, मूळचा कागलचा. आम्ही प्रयोगशाळेत ‘व्हेक्टर’च म्हणतो, मराठीत बोलतानाही. पण शब्द घडवायचाच असेल तर आधी ती वस्तू बघा. हा एएव्ही नावाचा विषाणू १९६५ साली दुसऱ्या एका विषाणूच्या नमुन्यात सापडला. व्यास जेमतेम २५ नॅनोमीटर. माणसाला त्यानं आजार होतो असं आढळलेलं नाही. आम्ही त्याची स्वतःची जनुकं काढून टाकतो, फक्त दोन टोकं ठेवतो आणि मधे रुग्णाला हवं ते जनुक बसवतो. त्यामुळं तो डोळ्यात वाढत नाही. उरतं ते कवच. त्यात डीएनएची साधारण ४.७ हजार अक्षरं मावतात. आरपीई६५ हे दृष्टीसाठी लागणारं जनुक त्यात बसतं, म्हणून त्याच्यावरचं औषध २०१७ साली अमेरिकेत मंजूर झालं, दोन्ही डोळ्यांची सुरुवातीची किंमत साडेआठ लाख डॉलर होती. स्टारगार्ड या डोळ्याच्या आनुवंशिक आजारातलं एबीसीए४ जनुक मात्र ६.८ हजारांचं आहे. ते दोन तुकडे करून दोन कवचांतून पाठवावं लागतं आणि पेशीत गेल्यावर जुळावं लागतं.

खरी कारागिरी कवचात आहे. लाखो वेगवेगळी कवचं बनवायची, उंदराच्या डोळ्यात सोडायची, जी आतल्या थरापर्यंत पोचली तीच पुन्हा वाढवायची, शेतकरी बियाणं निवडतो तसं. २०१३ साली असंच एक कवच निघालं. डोळ्याच्या मधल्या द्रवात टोचलं तरी ते उंदरात प्रकाशपेशींपर्यंत जातं, पडद्याखाली सुई न्यावी लागत नाही. माकडात तितकं पसरत नाही, म्हणून शोध चालूच आहे. माझं म्हणणं, शब्दात ‘कवच’ यायला हवं.

खिळेजुळारी: ‘जनुककवच’ म्हणजे जनुकाचं रक्षण करणारं, असं वाटेल. वाहून नेणं कुठं गेलं?

शाहूपुरी_मास्तर: आणि ‘विषाणू’ला हात लावू नका. लॅटिन ‘व्हायरस’चा मूळ अर्थच विष, आणि तो आपल्या ‘विष’शी नात्यातला शब्द आहे. इतका चपखल प्रतिशब्द क्वचित मिळतो. ‘विवाह’सुद्धा वह् धातूचाच, हे जाता जाता.

गंगावेसकर: मास्तर, चपखल असंल, पर पेशंट घाबरून उठून गेला तर त्या चपखलाचं काय करायचं? आणि पेशीवाल्यांनी बघा ‘पडदा’ म्हटलंय. दृष्टिपटल न्हाई म्हटलं. आमच्याकडं समदी पडदाच म्हणत्यात. पडदा सुटला, पडद्याला सूज आली.

खिळेजुळारी: पडदा फारसी आहे. ‘पटल’ सुश्रुतसंहितेत डोळ्याच्या थरांसाठी आलेला शब्द आहे. तो हाताशी असताना टाकायचा का?

पेशीवाला: सुश्रुताची पटलं म्हणजे आजचा रेटिना नव्हे. त्यातली दोन तर पापण्यांची आहेत. मग तुमचा शुद्ध शब्दही उसना अर्थ घेऊनच उभा आहे.

खिळेजुळारी: अर्थ घरातला घरात सरकला तर त्याला उसना म्हणत नाहीत.

रंकाळाकाठ: पत्रक सोमवारी छपाईला जातंय. ‘पडदा’ घेतेय, तो ठरला. आईवडिलांसाठी ‘वाहक’ ठेवतेय, कारण तो शब्द त्यांना डॉक्टरांकडून आधीच कळलेला असतो. व्हेक्टरची जागा अजून मोकळी आहे.

गंगावेसकर: हमाल.

खिळेजुळारी: अजिबात नाही.