अफगाणिस्तानातल्या साध्या, रोजच्या जगण्याचे फोटो कोणी काढलेत?

सायली_क्लिक
नमस्कार मंडळी, आमच्या फोटो ग्रुपमध्ये दर महिन्याला एकजण एखादा देश घेऊन पंधरा-वीस फोटो दाखवतो, मग त्यावर गप्पा. यावेळी माझी पाळी आणि मी हौसेने अफगाणिस्तान घेऊन बसले. दोन दिवस शोधतेय, जे येतं ते बंदूक, बुरखा, पडक्या भिंती, नाहीतर मग ती नॅशनल जिओग्राफिक मासिकाच्या कव्हरवरची हिरव्या डोळ्यांची मुलगी. अहो पण तिथे लोक भाजी आणत असतील, लग्नं लावत असतील, पोरं पतंग उडवत असतील ना? तसलं कोणी काढलंय का, नावं सांगा. आणि आशा-बिशा दाखवायच्या नादात गोडगोड व्हायला नको एवढंच.

अण्णा_निगेटिव्ह
त्या हिरव्या डोळ्यांच्या मुलीपासूनच सुरू कर, पण उलट बाजूने. १९८४ चा तो फोटो अफगाणिस्तानातला नाहीच, पाकिस्तानात पेशावरजवळच्या निर्वासितांच्या छावणीतला आहे, १९८५ च्या जूनमध्ये कव्हरवर आला आणि तिचं नाव जगाला कळलं २००२ मध्ये. सतरा वर्षं चेहरा सगळ्यांना पाठ आणि नाव कोणाला माहीत नाही!

आता तू मागितलंस ते. आन्या नीडरिंगहाउस, जर्मन बाई, एपी या वृत्तसंस्थेची फोटोग्राफर. तिचा २००९ चा काबूलमधला ईदचा फोटो शोध, मेरी-गो-राउंडवर बसलेला पोरगा, मजेत गरागरा फिरतोय आणि हातात खेळण्यातली बंदूक. हसावं की काय करावं कळत नाही, मी तर बराच वेळ नुसता बघत बसलो होतो. ४ एप्रिल २०१४ ला, म्हणजे निवडणुकीच्या आदल्या दिवशी, खोस्त प्रांतात ती गाडीत बसलेली असताना एका पोलिसानेच गोळ्या घालून तिला मारलं.

डबा_कॅमेरा
सगळे बाहेरच्यांचीच नावं घेतात म्हणून मी रस्त्यावरच्या फोटोवाल्यांबद्दल लिहितो 😄 काबूलमध्ये फुटपाथवर लाकडी पेटीचे कॅमेरे असायचे, तिकडे त्याला म्हणतात कमरा-ए-फौरी, म्हणजे झटपट कॅमेरा. फिल्म नाही, वीज नाही, पेटीच्या आतच डार्करूम. फोटोवाला एका बाजूच्या कापडी बाहीतून हात आत घालतो, वरच्या भोकातून डोकावतो, लेन्सवरचं झाकण एक-दोन सेकंद काढतो आणि परत लावतो, हेच शटर. मग आतल्या आत चाचपडत कागद डेव्हलपरमध्ये (चित्र उमटवणारं रसायन), मग फिक्सरमध्ये (ते पक्कं करणारं), बाहेर काढून बादलीतल्या पाण्यात खळबळवायचा. हा झाला निगेटिव्ह, म्हणजे काळ्याचं पांढरं झालेला उलटा फोटो, तोही कागदाचाच. तो लेन्ससमोरच्या पट्टीला लावून त्याचाच परत फोटो काढायचा की पॉझिटिव्ह तयार. ओळखपत्राला लागणारे फोटो वर्षानुवर्षं असेच निघायचे. म्हणजे जगाला दाखवायला नाही, कागदपत्राला लावायला म्हणून माणूस पगडी नीट करून बसलाय, पापणी न लवू देता. माझ्या मते त्या देशाचे सगळ्यात खरे चेहरे हेच.

अजून एक गंमत, १९९६ ते २००१ तालिबानने सजीवांच्या फोटोंवर बंदी घातली होती, आणि त्यांचेच लढवय्ये कंदाहारच्या स्टुडिओत गुपचूप जाऊन डोळ्यांत सुरमा, हातात फुलं, मागे रंगीत पडदा असे फोटो काढून घ्यायचे. मॅग्नम या फोटो एजन्सीच्या थॉमस ड्वोर्झाक या फोटोग्राफरला ते नंतर सापडले. तेही दाखव.

ठाम_मत
सगळं ठीक, पण हसरी पोरं दाखवून "बघा किती आशा" म्हणणं मला पटत नाही. ऑगस्ट २०२४ पासून तिथे पुन्हा कायदाच आहे की मीडियाने सजीवांची चित्रं दाखवायची नाहीत, आणि मुलींना तर २०२१ पासूनच सहावीच्या पुढे शाळा नाही. हे न सांगता पतंगाचे फोटो दाखवले तर ती फसवणूकच.

अण्णा_निगेटिव्ह
@ठाम_मत मुद्दा बरोबर आहे, पण म्हणून पतंग खोटा ठरत नाही ना. शाह मराई घ्या, काबूलचाच माणूस, एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेत ड्रायव्हर म्हणून लागला आणि पुढे तिथला मुख्य फोटोग्राफर झाला. पहिल्या तालिबानी राजवटीत हाताला गुंडाळलेल्या स्कार्फमध्ये छोटा कॅमेरा लपवून फोटो काढायचा. नंतर बॉम्बस्फोटही त्यानेच काढले आणि रोजचं काबूलही. ३० एप्रिल २०१८ ला एका स्फोटाचे फोटो काढायला गेला आणि तिथे दुसरा स्फोट झाला, त्यात गेला, त्या दिवशी तिथे नऊ पत्रकार गेले. आणि बायकांचं जग बघायचं तर फर्झाना वाहिदी, ही अफगाण फोटोग्राफर. घरात, लग्नाच्या बायकांच्या खोलीत परका पुरुष कॅमेरा घेऊन जाऊच शकत नाही, ती गेली.

सायली_क्लिक
अरे वा, एवढं मिळेल वाटलं नव्हतं, सगळ्यांना थँक्यू 🙏 @ठाम_मत तुमचं ऐकून ठरवलंय की प्रत्येक फोटोखाली गाव आणि साल टाकणार, म्हणजे कुठला काळ ते कळेल. मेरी-गो-राउंडवाला पहिला, मग ओळखपत्रवाले. @डबा_कॅमेरा त्या पेटीच्या आतलं नीट दिसेल असा एखादा फोटो आहे का हो? बाही आणि बादली शब्दांत समजावताना माझीच तारांबळ उडणार.